दोन दांड्यांची गाडी

(कोल्हापुरातल्या एका तालमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी पहिल्या रांगेत एक वस्तू देतो. ती हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. अधिकच्या चिन्हासारखा दिसणारा हा लोखंडी तुकडा म्हणजे जीपच्या पुढच्या शाफ्टचा, पुढच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या दांड्याचा, जॉइंट क्रॉस. त्याच्या टोकांवरून नख फिरवा. बारीक चरे लागतील, पट्टी ठेवून आखल्यासारखे. बेअरिंगच्या सुया तिथं रुतून बसल्या होत्या. हे चरे माझ्यामुळं पडले. कसे, ते ओघात येईलच.

माझं आयुष्य उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर गेलं. आमच्या घरात जीप आली ती आण्णांच्या काळात, लिलावातून. गगनबावड्याच्या बाजूला आमची थोडी शेती आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पावसाळाभर जांभ्याच्या लाल चिखलातून शेवटचे तीन किलोमीटर एक तर बैलगाडी जायची, नाही तर ही जीप. माझी आई आजारी असताना रात्री तिला याच जीपमधून कोल्हापूरला आणलं. त्यामुळं माझा या गाडीवर जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही आज तिच्याबद्दलची एक तक्रार मांडायची आहे आणि ती गंभीर आहे.

ही गाडी जन्मली लष्करासाठी. १९४० साली अमेरिकन सैन्यानं हलक्या आणि चारी चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत पहिली गाडी उभी करून दाखवली. पण सैन्याला लागतील तेवढ्या गाड्या पुरवायची तिची कुवत नव्हती, म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्डकडं गेलं. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप तयार झाल्या. मग विलीजनं तीच गाडी शेतकऱ्यापुढं ठेवली, इंजिनाच्या जोरावर शेतातली यंत्रं फिरवायची सोय करून. इंग्लंडमध्ये १९४८ साली लँड रोव्हर आली, तीही शेतीच डोळ्यापुढं ठेवून. तिकडं पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचं वरचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं. आपल्याकडं १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला घेतल्या. पुढं तहसीलदार आला तो जीपमधून, फौजदार आला तो जीपमधून, साखर कारखान्याचा शेती अधिकारीही जीपमधूनच. निवडणुकीत टपावर कर्णा बांधून तीच फिरायची.

कोल्हापूर जिल्ह्यात ती एवढी का रुजली? रस्ते हे एक कारण झालंच. पण दुसरं कारण मला नदीकाठच्या ऑइल इंजिनांत दिसतं. पंचगंगेचं, भोगावतीचं पाणी उसाला उचलून देणारी इंजिनं आपल्या उद्यमनगरात तयार व्हायची, दुरुस्तही व्हायची. ज्याला ऑइल इंजिनाचा पंप उघडता येतो आणि नोझलचा फवारा बघून दोष ओळखता येतो, त्याला जीपचं डिझेल इंजिन परकं वाटत नाही. पेट्रोलची जीप डिझेल करून घ्यायची ती याच हिमतीवर. कंपनीकडं भाग मिळाला नाही तर बुश लेथवर टर्न करून घेता यायचा, स्प्रिंगच्या पाट्याचं तुटलेलं पान बदलून मिळायचं. गाडीत काय बिघडलंय हे गावातल्या माणसाला कळायचं. माझ्या मते तिचं खरं आकर्षण हेच. तिच्या रुबाबाबद्दल लोक फार बोलतात, पण माझं मन रमतं ते तिच्या उघडेपणात.

एक प्रसंग सांगतो. भर पावसात, रात्री, गाडी आचके देत बंद पडली. डिझेलच्या लाइननं एअर धरली होती, म्हणजे नळीत हवा शिरली होती. आण्णांनी मला टॉर्च धरायला लावली. फिल्टरवरचा छोटा स्क्रू पान्यानं दोन आटे सैल केला आणि हातपंप दाबायला लागले. आधी फस्स करून पांढरा फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुडे विरळ झाले आणि तांबूस डिझेल सरळ वाहायला लागलं. तेवढ्यात त्यांनी स्क्रू आवळला, चिंधीनं हात पुसले आणि म्हणाले, "मार आता स्टार्टर." पाच-सात मिनिटांचं काम. त्या रात्री मी बारा वर्षांचा होतो, आणि यंत्राची भीती माझ्या मनातून कायमची गेली. आजच्या गाडीत हा धडा मुलाला देता येत नाही. स्कॅनर लावल्याशिवाय दोषच दिसत नाही, आणि दिसला तरी अख्खं युनिट बदलावं लागतं.

आता त्या दोन दांड्यांकडं येऊ. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी आमच्या जीपला दोन छोटे दांडे आहेत. गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक पेटी असते, ट्रान्स्फर केस. एका दांड्यानं पुढच्या चाकांना जोर मिळतो, दुसऱ्यानं लो गिअर पडतो. लो पडला की चाकांचा वेग सुमारे अडीचपट कमी होतो आणि ओढ तेवढीच वाढते. चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीनं निघते. उतारावर तर हे जास्त मोलाचं. आण्णांचे मिस्त्री सांगायचे, "लो टाक, पाय काढून घे, ब्रेकला हात लावू नगंस. इंजिन धरतंय तिला." निसरड्या उतारावर ब्रेक दाबला की चाकं जाम होऊन गाडी घसरते. इंजिनानं धरलेली गाडी चारी चाकांवर सावकाश उतरते.

पण या साध्या यंत्रणेत एक मेख आहे, आणि ती माहीत नसलेले कितीतरी जण आज हौसेनं जुनी जीप विकत घेतात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. जुन्या जीपमध्ये फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये आणि जॉइंट क्रॉसमध्ये साठत जातो. शेवटी दांडा इतका अडकतो की दोन्ही हातांनी निघत नाही. तेव्हा गाडी सरळ रेषेत चार हात मागं घ्यायची, पीळ उतरतो आणि दांडा सुटतो.

दुसरी गोष्ट. फोर व्हील म्हणजे चारी चाकं कायम ओढतात असं नाही. डाव्या-उजव्या चाकांमधल्या साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक मोकळं फिरतं त्याच्यामुळं जोडीदाराचाही जोर जातो. खड्ड्यात पुढचं एक आणि तिरपं समोरचं मागचं चाक अधांतरी झालं की ती दोन्ही चाकं नुसती फिरत राहतात, गाडी जागची हलत नाही. तेव्हा चाकाखाली दगड घालायचा, झाडाच्या फांद्या घालायच्या. फोर्सच्या गुरखासारख्या गाडीला पुढं-मागं डिफरन्शियलला लॉक मिळालं, म्हणजे जोडीतली दोन्ही चाकं एकत्र फिरवायची सोय, ती यासाठीच.

आता माझ्या तक्रारीकडं येतो. एका जुलैमध्ये मी कोल्हापूरहून गगनबावड्याकडं निघालो होतो. शेजारी थोरला पुतण्या, मागच्या आडव्या बाकावर धाकटा. डांबर ओलं होतं, म्हणून मी मुद्दाम फोर व्हील टाकून चाललो होतो. त्या पावसाळ्यात मी रोज तसंच करत होतो, जास्त सुरक्षित म्हणून. कळे गावाच्या पुढं रस्त्यात म्हैस आली. मी ब्रेक दाबला. ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरलेलं, एका चाकानं आधी धरलं, गाडी एका बाजूला ओढली गेली आणि चरीत जाऊन आडवी झाली. मागच्या बाकाला पट्टा नव्हता. धाकटा कापडी हुडातून बाहेर फेकला गेला. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. स्टिअरिंगचा दांडा अशा गाडीत थेट चालकाच्या छातीकडं येतो, दबून मागं सरकत नाही. माझ्या दोन फासळ्यांवर निभावलं. दुरुस्तीला गाडी उघडली तेव्हा हा क्रॉस निघाला. मिस्त्रींनी तो माझ्या हातात ठेवला आणि काही बोलले नाहीत.

चारी चाकांचा जोर गाडी पुढं न्यायला असतो. थांबवायला त्याचा उपयोग नाही. थांबणं हे ब्रेकचं आणि टायरचं काम. उंच, अरुंद गाडी, चारी बाजूंना पाटे, वर कापड, आत आडवी बाकं. ही रचना ताशी पंचवीस किलोमीटरच्या पाणंदीसाठी आहे. तीच गाडी चौपदरी हायवेवर माणसं भरून ऐंशीनं पळवणं हा गुन्हा आहे, असं मी आज स्पष्ट म्हणतो. आपल्या भागात वडाप जीपमध्ये, माणसं भरून भाड्यानं चालणाऱ्या, दाटीवाटीनं आपण सगळे बसलो, मीही बसलो. त्याच्या आठवणी गोड करून सांगू नयेत.

महापुराबद्दलही सांगायला हवं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद राहिला. तेव्हा पुष्कळांना वाटलं, जीप आहे म्हणजे पाण्यातून जाता येईल. साधं डिझेल इंजिन हवेची वाट बुडेपर्यंत चालतं, हे खरं. पण वाहतं पाणी गाडीला बाजूनं ढकलतं, तिथं इंजिनाचं काही चालत नाही. शिवाय पाणी ॲक्सलच्या हाऊजिंगमध्ये शिरतं. आमच्या गाडीनं गुडघाभर साचलेलं पाणीच काय ते ओलांडलं, तरी आठ दिवसांनी खालचा नट काढला तर ऑइलच्या जागी दुधाच्या चहासारखं पातळ पाणी आलं. पाहिलं नसतं तर आतले क्राउन-पिनियन गिअर गेले असते.

जुनं डिझेल काळा धूर सोडतं, लिटरला जेमतेम दहा किलोमीटर देतं. पावसात हुड गळतो आणि लांबच्या प्रवासात कानठळ्या बसतात.

मला पटत नाही ती एक समजूत अशी की सुरक्षितता आणली की जीपपण गेलं. १९८५ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिप्सीचे कडक पाटे आजही लोकांच्या कमरेला आठवतात. तिच्यानंतर २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत आडवे अखंड ॲक्सल आहेत, लो गिअरचा दांडा आहे आणि सहा एअरबॅगही आहेत. महिंद्राच्या २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले, आणि तिच्याखाली शिडीसारखी चासी तशीच आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. गेलं ते एवढंच की पाना घेऊन अंधारात आपण ती दुरुस्त करू शकत नाही. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरीही घरातली मुलं कशात बसवायची असं विचाराल, तर मी एअरबॅगवाली गाडी सांगेन.

आमची जीप आता शेतावरच असते. मागची बाकं काढून टाकली, तिथं खताची पोती आणि भाताची रोपं जातात. डांबर लागलं की ती परत फिरते. पुतण्याची मुलगी तिच्यावर गाडी शिकते आहे, लो गिअरमध्ये, शेताच्या बांधाबांधानं.

क्रॉस फिरून झाला असेल तर माझ्याकडं परत येऊ द्या. बाहेर टेबलावर एक जुनी ट्रान्स्फर केस उघडून ठेवली आहे, जाताना हात लावून बघा, हाताला ऑइल लागेल. ती लोमध्ये टाकून ठेवली आहे. गिअरबॉक्सकडचा शाफ्ट साधारण अडीच वेळा फिरवला की चाकांकडचा एकदा फिरतो. मोजून बघा.