चाळणीखालचं

मंडळी, बेळगावात खाण्यावर बोलायला उभं राहिलं की कुंद्यापासून सुरुवात करावी लागते, अशी एक रीत आहे. ती मी आज मोडते. कुंदा, मांडे, गोकाकचा करदंट हे आपलं पाहुण्यांचं खाणं. खोक्यात बांधायचं आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांच्या हाती द्यायचं. आपण स्वतः ताप उतरल्यावर काय मागतो? मयताहून घरी आल्यावर, दिवसभर बसमध्ये अंग आंबून गेल्यावर काय मागतो? कुंदा मागितलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. जे मागतो ते शोधायला मी आणि माझा भाचा गेल्या जुलैत दोन दिवस मलप्रभेच्या काठाकाठानं हिंडलो. गाडी त्याची, पेट्रोल माझं.

नदीच का, तर ती आपल्याच जिल्ह्यात उगवते आणि जिल्हा ओलांडेपर्यंत माणसाचं ताट पालटून टाकते. कणकुंबीला उगम, पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिळते, एकूण प्रवास ३०४ किलोमीटरचा. आम्ही सौंदत्तीपर्यंतच गेलो. कणकुंबीत पावसाळ्याचे चार महिने छत्री वाळत नाही. सौंदत्तीकडे वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पडला तरी लोक खूश असतात. तिकडे भात आणि नाचणी, इकडे ज्वारी. हे शाळेच्या भूगोलातलंच आहे, पण भूगोलाच्या पुस्तकात आजाऱ्याला काय वाढतात ते कुठं दिलेलं असतं?

कणकुंबीला माउलीचं दर्शन घेतलं, कुंडातलं पाणी डोळ्यांना लावलं आणि परत फिरलो तर जांबोटीच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. पाऊस असा की जॅक लावायला खाली उतरलेला भाचा मिनिटभरात धुतल्यासारखा झाला. रस्त्यालगत एक कौलारू घर होतं. ओसरीवरच्या आजींनी लांबूनच हाक घातली, ‘‘ये गे बाय, भिजतेस कशाला? पाऊस थांबतोय तवर वाईच पेज घे.’’

ती पेज मी तुम्हाला नीट सांगणार आहे, कारण सगळा प्रवास तिच्यावरच उभा आहे. चुलीवर काळं पडलेलं पातेलं. आत तांदूळ नव्हता, तांदळाची कणी होती. भात गिरणीतून आला की अख्खा दाणा वेगळा काढायचा, तो सणाला, पाहुण्याला आणि विकायला. चाळणीतून खाली पडलेला तुकडा पेजेला. कणी लवकर शिजते, फुटते, पाणी दाट करते. अख्ख्या दाण्याची पेज इतकी मऊ होत नाही. आजींनी मीठ टाकलं, डावानं तळापासून एकदा ढवळलं आणि ॲल्युमिनियमच्या ताटलीत ओतली. बाजूला निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, बोटभर. गोव्याचा घाट पलीकडेच, त्यामुळे सुकं मासं इथं कपाटातलं लोणचं असल्यासारखं असतं. भाचा एरवी ताटात मेथी दिसली तरी तोंड फिरवतो. त्यानं तीन ताटल्या प्यायल्या. हो, प्यायल्या. पेज खात नाहीत.

कणकुंबीच्या नावातच कणी आहे, असं मी त्याला गाडीत बसल्यावर सांगितलं. ही माझी कोटी आहे, व्युत्पत्ती नव्हे. बाहेर सांगत बसू नका.

जांबोटीला खव्याच्या भट्टीसमोर थोडं थांबलो, पण खवा आज आपला विषय नाही. हब्बनहट्टीला नदीकाठचा मारुती, मग असोगा, मग खानापूर. खानापूरची कौलं आणि मडकी सगळ्यांना माहीत आहेत, मी पुढे जाते.

खानापूर सोडून पूर्वेला निघालात की झाडी मागे पडते, माती काळी व्हायला लागते. मी भाच्याला एक काम दिलं होतं: भाकरीची रोट्टी नक्की कुठं होते ते बघ. सीमाप्रश्नावर इथं प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे, ते आज राहू दे. पण भाकरीपुरतं सांगते, पारिश्वाडच्या बाजूला एका बाईंनी मुलाला ‘रोट्टी तिन्नु’ म्हटलं आणि त्याच दमात माझ्याकडे वळून ‘भाकरी घेताय काय?’ म्हणून विचारलं. भाच्यानं हात टेकले.

एम. के. हुबळीला महामार्ग नदी ओलांडतो. नदीत बसवण्णांच्या पत्नी गंगांबिकेचा ऐक्य मंटप, म्हणजे समाधी आहे, तिथं जरूर जा. जेवायला मात्र आम्ही हायवेवर चुकलो. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘घरगुती जेवण’ आणि आत पनीर. तीनशे रुपये गेले, पोट जड झालं. घरगुती जेवण अशी पाटी ज्या घरावर असते त्याला घर म्हणू नये, असं माझं मत झालं आहे.

दुसऱ्या दिवशी मुनवळ्ळीच्या अलीकडे एका शेतकरी घरात गेलो, ओळखीच्या ओळखीनं. दुपारची वेळ. बाईंनी कडक रोट्टी, एण्णगायी म्हणजे भरली वांगी, शेंगा चटणी असं रीतसर मांडायला घेतलं. मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. मी म्हटलं, हे नको, तुम्हाला बरं नसलं की काय खाता? त्या आधी लाजल्या. मग म्हणाल्या, ‘‘नुच्चु.’’

नुच्चु म्हणजे आपल्या ज्वारीच्या कण्या. विदुराच्या घरी देवानं खाल्ल्या म्हणतात, त्या. ज्वारीला जरा पाण्याचा हात लावायचा, जाड भरडायची, चाळायची. पीठ भाकरीला, वरचा कोंडा म्हशीला आणि मधल्या कण्या उकळत्या पाण्यात. त्या शिजताना बुड्-बुड् असा घशातून आल्यासारखा आवाज करतात. वर गार ताक, कच्चा कांदा, लसणाची लाल चटणी. तांदळाची कणी विरघळून जाते, ज्वारीची विरघळत नाही. दाताखाली थोडी उरते. ‘‘उण्णरी,’’ बाई म्हणत होत्या, ‘‘इन्नु स्वल्प.’’ अजून थोडं. मी ‘साकु’ म्हणेपर्यंत ताट दोनदा भरलं होतं.

मी विचारलं, रोज करता? त्यांनी शेताकडे बोट दाखवलं. सगळा ऊस. नविलुतीर्थाला धरण झालं, कालव्याचं पाणी आलं आणि जिथं पाणी पोचलं तिथं ऊस, मका आला. पैसा आला हे चांगलंच झालं, त्यावर मी शहरात बसून उसासे टाकणार नाही. पण ज्वारी आता विकत आणायची, आणि ती तांदळाहून महाग. त्यात २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा रेशनचा तांदूळ घरात येतो. बाई म्हणाल्या, धाकट्याला ताप आला की हल्ली तांदळाचीच गंजी करते. म्हणजे कणकुंबीची पेज रेशनच्या पिशवीतून मुनवळ्ळीला पोचली. नदीला जे जमलं नाही ते रेशन दुकानानं केलं.

सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर चढलो, ‘उदो’ म्हटलं, त्या धरणाच्या जलाशयाचं, रेणुकासागराचं पाणी वरून पाहिलं. परतताना पाच किलो ज्वारी घेतली.

परवा ती घेऊन शहापुरात आमच्या नेहमीच्या गिरणीत गेले. जाड भरड म्हटलं, पीठ नको. गिरणीवाल्यानं डबा उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आक्का, कोंबड्या पाळल्यात काय?’’

मी म्हटलं, ‘‘होय, दोन. एक मी आणि एक हा भाचा.’’