पाणी भरलेला रोलर : मागं ओढायचा का उचलायचा?

[ड्रममध्ये पाइपनं पाणी पडतंय. आधी नुसता आवाज.]

ही पाण्याची टाकी नाही. रोलर आहे. ६० सेंटीमीटर व्यासाचा, सहा फूट लांब लोखंडी ड्रम, गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला. रिकामा असला की ३०० किलोच्या आसपास, आणि पोटात ५०० लिटर पाणी बसतं, म्हणजे भरला की सरळ ८०० किलो. बुचाचे आटे जरा गेलेत म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बूच आवळलंय, तरी थेंब थेंब गळतंयच, ते बघा.

[काळं रान, नुकतीच पेरणी झालेली.]

हे मंगळवेढ्याचं रान, ज्वारीचं कोठार म्हणतात ते. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. रब्बीची ज्वारी इथं पाण्यावर नाही येत, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. आता पेरणी झाल्यावर माती कशी असते, वरनं भुसभुशीत दिसते पण आतनं पोकळ, मधे ढेकळं, बी त्या पोकळीत लोंबकळत राहतं आणि खालची ओल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून दाबायचं. पूर्वी बैलामागं फळी असायची, आणि फळीवर वजन म्हणून घरातलं पोरगं. आम्ही सगळे त्या फळीवर बसूनच मोठे झालो, धूळ खाल्ली ती वेगळीच.

[तात्या मूठभर माती दाबून खाली टाकतात.]

दाबायच्या आधी तात्या काय करतात बघा. मूठ वळली, गोळा झाला, खाली टाकला आणि फुटला. वाफसा आहे. गोळा न फुटता थपकन बसला असता तर रोलर शेडमध्येच ठेवायचा, कारण ओल्या काळ्या मातीत ड्रमला असा लगदा चिकटतो की बियासकट माती वर उचलून येते.

[ट्रॅक्टरची मागची बाजू, तीन पॉइंट जवळून.]

आता मुख्य भानगड. ह्याच ड्रमला आम्ही दोन प्रकारची जोडणी करून घेतली. एक, तीन पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांना, अडकवून हायड्रॉलिकनं उचलायची. दुसरी, साधा दांडा आणि पिन, मागं ओढायची.

तीन पॉइंटची आयडिया हॅरी फर्ग्युसनची, उत्तर आयर्लंडचा माणूस, मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन तोच. त्याआधी ट्रॅक्टरमागं नांगर नुसता साखळीनं नाहीतर दांड्यानं बांधायचे, फाळ दगडाला अडकला की चाकं फिरतच राहायची आणि ट्रॅक्टर पुढून उठून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा, माणसं गेलीत त्यात. फर्ग्युसननं १९२० च्या दशकात अशी जोडणी बसवली की नांगराची ओढ वरच्या दांड्यातून, आपण टॉप लिंक म्हणतो त्यातून, ट्रॅक्टरला पुढं दाबून धरते. १९३८ ला हेन्री फोर्डबरोबर हातमिळवणीवर सौदा झाला आणि मग तो ट्रॅक्टर अमेरिकाभर गेला. डोकं भारीच. पण ते डोकं मातीत घुसणाऱ्या अवजारासाठी चाललेलं. रोलर घुसत नाही. तो उचलला की नुसता लोंबतो.

[ट्रॅक्टर बांधावर वळतोय, पुढची चाकं. स्लो मोशन.]

हा शॉट नीट बघा. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, वजन दोन टनाच्या आसपास, त्यातलं पुढच्या चाकांवर साधारण ८०० किलो. मागं भरलेला रोलर उचलला. हायड्रॉलिक उचलतं, त्याचा प्रश्नच नाही. पण ते वजन मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागं लोंबतंय, म्हणून पुढचं ६०० किलो कमी होतं. राहिलं २००. स्टिअरिंग फिरवलं तरी चाक नुसतं घासत सरळ जातंय, दिसतंय ना? आणि मागच्या टायरवर १४०० किलो जास्तीचं, तेही बांधाकडेच्या पेरलेल्या मातीवर, जिथं प्रत्येक फेरीला वळायचं असतं.

दुसरी गोष्ट हायड्रॉलिकच्या लिव्हरची. ड्रायव्हर सवयीनं लिव्हर अर्धी वर ठेवतो, मग वजन ट्रॅक्टरवरच राहतं आणि रोलर मातीवरून नुसता फिरतो, दाबत नाही. लिव्हर पूर्ण खाली पाहिजे. आमच्या ड्रायव्हरला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तात्यांनी सांगितलं तेव्हा ऐकलं.

[पिन बसते. ओढायचा रोलर चालू लागतो. वरून ड्रोन.]

आणि हा ओढायचा. पिन टाकली, निघाला. सगळं वजन ड्रमवर, ट्रॅक्टरवर काहीच नाही. चाकं पुढं जातात, ड्रम मागून येतो, त्यामुळं टायरचे चरे पण मिटत येतात, वरून कशी चटई अंथरल्यासारखं दिसतंय. ड्रमच्या दर मीटर लांबीला साडेचारशे किलोच्या जवळपास दाब. कुणाचाही जुना ट्रॅक्टर चालतो, हायड्रॉलिक मेलेलं असलं तरी. म्हणून आम्ही चौघांनी मिळून घ्यायचा म्हणलं तर हाच म्हणलं.

कोपरे राहतात, रिव्हर्स घेता येत नाही, पट्टी अरुंद असली तर वळवताना नाकी नऊ येतात, तिथं ड्रम रिकामा करून उचलायचाच बरा.

[कोंब, जवळून.]

उगवण ही अशी. खालच्या पट्टीत रोलर फिरवल्यावर दुसऱ्याच रात्री पाऊस झाला, वर खपली धरली, कोंबाला वर येता येईना, तिथं दुबार पेरणी करावी लागली.

[रोलर शेडजवळ. तात्या बूच काढतात.]

रस्त्यानं न्यायचा तर रिकामा करून. तात्या म्हणाले, रानात नको सोडू रं, इकडं आण. ५०० लिटर पाणी, लिंबाच्या बुडाशी.