वचन एकाचं, हमी दुसऱ्याची

[दृश्य: शंभराची नोट, अगदी जवळून]

खिशातली शंभराची नोट काढा. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आणि वचन दिसेल: धारकाला शंभर रुपये अदा करीन. त्याच बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे, 'केन्द्रीय सरकार द्वारा प्रत्याभूत'. म्हणजे वचन बँकेचं, हमी सरकारची. पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द बँकेचा की सरकारचा, हा वाद आपण रोज खिशात घेऊन हिंडतो.

[दृश्य: मुंबई, फोर्ट, मिंट रोड]

१९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हा ती खासगी भागधारकांची होती. १ जानेवारी १९४९ ला सरकारी झाली. पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. पुढे तेच अर्थमंत्री झाले. बँक आतून पाहिलेला माणूस अर्थखात्यात होता. पण १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला आणि टी. टी. कृष्णम्माचारी आले.

गव्हर्नर होते बेनेगल रामा राव. ज्या हुंड्या तारण ठेवून बँका रिझर्व्ह बँकेकडून कर्ज घेत, त्यांच्यावरचं मुद्रांक शुल्क नव्या अर्थमंत्र्यांनी वाढवलं. कर्ज आपोआप महागलं. व्याजदर ठरवायचा मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेने, वाढवला दिल्लीने, तोही मागच्या दाराने! रामा रावांनी हरकत घेतली. नेहरू मंत्र्यांच्या बाजूने उभे राहिले: बँकेने सल्ला द्यावा, धोरण सरकारचंच. जानेवारी १९५७ मध्ये रामा रावांनी खुर्ची सोडली.

राजीनाम्याच्या बातम्या होतात. मला विचाराल तर खरी मेख दुसरीकडे होती. सरकारला पैसे कमी पडले की ॲड-हॉक ट्रेझरी बिलं, म्हणजे बँकेच्या नावाने सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं, निघायची आणि बँक निमूटपणे पैसा पुरवायची. हे थांबायला १९९७ उजाडलं.

मग सरकारने व्याजदरावर बोलूच नये? घरकर्जाचा हप्ता वाढला की लोक गव्हर्नरला नाही, खासदाराला धरतात. २०१६ पासून महागाईचं लक्ष्य सरकार ठरवतं, सध्या ४ टक्के, आणि दर ठरवते सहा जणांची समिती. तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. कायद्यातलं सातवं कलम मात्र शाबूत आहे: गव्हर्नरशी सल्लामसलत करून सरकार जनहितासाठी बँकेला आदेश देऊ शकतं.

[दृश्य: एक रुपयाची नोट]

ही मात्र सरकारची स्वतःची. सही अर्थसचिवांची. वचनाची ओळ हिच्यावर नाहीच.