राणीच्या तोंडाला डांबर

(दृश्य: भायखळा. राणीबाग, भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा परिसर.)

पेंग्विन बघायला आलेली पोरंटोरं इथवर सहसा फिरकत नाहीत. ही बसलेली व्हिक्टोरिया राणी. पांढरा संगमरवर, नाक तुटलेलं. मूळची कोरीव छत्री डोक्यावर नाही.

1872 मध्ये ही फोर्टात, तार ऑफिसजवळ विराजमान झाली. घडवणारा इंग्लंडचा मॅथ्यू नोबल, पैसे मात्र बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचे. हे पुतळे इंग्रजांनी आपल्यावर लादले असं आपण सरसकट म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेल्या राजपुत्र एडवर्डचा पुतळा, तोसुद्धा मुंबईच्याच अल्बर्ट ससून यांनी दिलेला.

(दृश्य: राणीचा चेहरा, जवळून.)

1896. चिंचवडचे चापेकर बंधू मुंबईत आले. राणीच्या तोंडाला डांबर फासलं, गळ्यात जोड्यांची माळ घातली आणि पसार झाले. पोलिसांना पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा वध झाला, दामोदर चापेकर पकडले गेले. राणीला काळं कुणी फासलं, हे मग त्यांनी स्वतःच सांगितलं. 1898 मध्ये येरवड्यात त्यांना फाशी झाली.

इकडे डाग काही निघेना. संगमरवरात मुरलेलं डांबर ते! अखेर त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो घालवला. म्हणजे पैसे देणारा इथला, काळं फासणारा इथला, पुसणाराही इथलाच.

1965 मध्ये राणी आणि काळा घोडा दोघांची रवानगी राणीबागेत झाली. बरंच झालं. भर चौकातली जागा मानाची असते, ती त्यांना कशाला?

(दृश्य: काळा घोडा चौक.)

2017 मध्ये या चौकात पुन्हा घोडा आला, पण स्वाराविना. देखणा आहे, तरी मला ती पळवाट वाटते. राजपुत्र एडवर्ड वगळला, वाद टळला. सोबत ससूनही गेले, आणि इथल्या धनिकांना राजपुत्राचा पुतळा का उभारावासा वाटला, हा अवघड प्रश्नही.

(दृश्य: पुन्हा राणीबाग.)

राणीला नवं नाक बसवू नये. त्यापेक्षा चबुतऱ्यापाशी ठळक पाटी लावावी: खंडेराव गायकवाड, दामोदर चापेकर, त्रिभुवनदास गज्जर. कुणी काय केलं, तेही लिहावं. कुणाचं नाव वर घ्यायचं, यावरून भांडण होईल. होऊ दे.