पिन बरोबर, कार्ड दुसऱ्याचं

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं एटीएम. दुपारची वेळ. काचेचं दार अर्धवट उघडं, बाहेर रांग.)

महिन्याचा पहिला आठवडा. पेन्शन जमा झालेली असते, पगार झालेले असतात. त्यातच लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये आले, की एटीएमची रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर येते. आत एसी बंद, वॉचमन नाही, यंत्रं दोन आणि त्यातलं एक बिघडलेलं. मागचे लोक घाई करत असतात. पुढच्या माणसाला एकेक आकडा शोधून दाबावा लागतो.

कार्ड बदलणाऱ्या भामट्याला हीच जागा लागते. तो चाकू दाखवत नाही, धमकावत नाही. त्याच्याकडे लॅपटॉप नसतो, कोणतंही यंत्र नसतं. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये गेले, तेव्हा बनावट कार्डं वापरून 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले होते. ती चोरी संगणकातून झाली. इथली होते हाताने, आणि तीही मदतीच्या बहाण्याने.

(दृश्य: कार्ड खाचेत जातं. हात जवळून.)

ही हातचलाखी सावकाश पाहू.

बहुतेक वेळा दोघं असतात. एक रांगेत किंवा दाराशी उभा राहतो, दुसरा आत रेंगाळतो. ते सावज हेरतात: वयस्कर माणूस, हातात पासबुक घेतलेली बाई, यंत्राकडे बघून बिचकणारं कोणीही. अडचण त्यांना निर्माण करावी लागतेच असं नाही, ती आपोआप येते. जुनी पट्टीवाली कार्डं आत घालून लगेच बाहेर काढायची सवय आपल्याला होती. चिपच्या कार्डाचं तसं नाही. यंत्र चिप वाचत असतं, म्हणून व्यवहार संपेपर्यंत कार्ड आतच राहावं लागतं. सवयीने कुणी ते मध्येच ओढलं, की व्यवहार रद्द होतो आणि पडद्यावर सूचना येते. ती वाचून होईपर्यंत पडदा बदललेला असतो.

मग बाजूने आवाज येतो. "काका, असं नाही. थांबा, मी दाखवतो."

पहिल्या वेळी तो प्रामाणिकपणे मदत करतो. कार्ड तुमचंच असतं, पिन तुम्हीच दाबता. तो फक्त बघतो. चार आकडे, ठरलेली जागा आणि सावकाश फिरणारं एक बोट. एवढ्यावरून पिन कळायला वेळ लागत नाही. शिल्लक किती, तेही पडद्यावर दिसतं.

त्यानंतर काहीतरी कारण काढून तो कार्ड स्वतःच्या हातात घेतो. "चिपला धूळ बसलीय, पुसून देतो." शर्टाच्या टोकाला कार्ड घासतो. बदल होतो तो याच दोन सेकंदांत. त्याच्या तळहातात त्याच बँकेचं, त्याच रंगाचं दुसरं कार्ड आधीपासून असतं. ते तो यंत्रात घालतो आणि म्हणतो, "आता पिन टाका."

तुम्ही तुमचाच पिन टाकता. यंत्र म्हणतं, पिन चुकीचा.

हा क्षण फार महत्त्वाचा आहे. मिनिटभरापूर्वी चाललेला पिन आता चुकला, तर पिन बदललेला नसतो, कार्ड बदललेलं असतं. तिथल्या तिथे कार्ड बाहेर काढून त्यावरचं नाव आणि शेवटचे चार आकडे वाचले, तर भामटा अजून चार फुटांवर उभा असतो. पण बहुतेक लोक पुन्हा पिन टाकतात. तो पुन्हा चुकतो. शेजारचा सांगतो, "सर्व्हर डाऊन दिसतोय, उद्या या." कार्ड खिशात घालून माणूस घरी जातो. खिशात आपलंच कार्ड आहे, अशी त्याची खात्री असते.

(दृश्य: दोन सारखी कार्डं शेजारी शेजारी. एकावर नाव आहे, दुसऱ्यावर नाही.)

ते दुसरं कार्ड येतं कुठून? आधी फसलेल्या माणसाकडून. त्याचं खातं रिकामं करून झालं, त्याने कार्ड बंद केलं, की ते प्लॅस्टिक पुढच्या फसवणुकीत उपयोगी पडतं. म्हणूनच अशा टोळ्या पकडल्या जातात तेव्हा त्यांच्याकडे वेगवेगळ्या बँकांची कार्डं गठ्ठ्याने सापडतात. ज्या बँकेचा ग्राहक समोर येईल, त्या बँकेचं कार्ड काढायचं.

आणि म्हणूनच खिशात आलेलं ते परकं कार्ड रागाने तोडू नका, कचऱ्यात टाकू नका. कडांना धरून पाकिटात ठेवा आणि पोलिसांना द्या. ते कोणाचं, त्या माणसाने कुठे आणि कधी तक्रार दिली, हे बँकेला त्या क्रमांकावरून कळतं. दोन तालुक्यांतले दोन गुन्हे जोडणारा धागा अनेकदा तोच असतो.

बँकेत खातं उघडताना हातोहात मिळणाऱ्या किटमधल्या कार्डावर नाव छापलेलं नसतं. जनधन खात्यांची बरीच कार्डं अशीच आहेत. त्यामुळे आपलं आणि परकं ओळखायला काही खूणच राहत नाही. यावर उपाय दहा रुपयांचा आहे. न पुसणाऱ्या मार्करने कार्डाच्या पुढच्या बाजूला एक खूण करा, किंवा कोपऱ्यात रंगीत चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. चिपवर आणि मागच्या काळ्या पट्टीवर काही लावायचं नाही. पिन मात्र कार्डावर, पासबुकावर किंवा पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवू नका. आईवडिलांचं कार्ड असेल तर घरातल्यांनीच ही खूण करून द्यावी.

(दृश्य: रात्रीचं एटीएम. घड्याळात पावणेबारा.)

कार्ड आणि पिन दोन्ही हाती आल्यावर भामटा थांबत नाही. जवळचं दुसरं एटीएम गाठतो. बरीच यंत्रं एका वेळी 10,000 रुपये देतात, म्हणून तो लागोपाठ व्यवहार करतो. कार्डाची दिवसाची मर्यादा संपली, की दुकानातल्या स्वाइप यंत्राकडे वळतो, कारण खरेदीची मर्यादा वेगळी असते आणि पिन त्याला ठाऊकच असतो. मोबाइल, सोनं, पेट्रोल. मध्यरात्र उलटली, की नवा दिवस धरला जातो आणि एटीएमची मर्यादा पुन्हा मोकळी होते. रात्री पावणेबाराला एकदा आणि बारा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा पैसे काढलेले पासबुकात दिसतात, ते यामुळेच.

या सगळ्या वेळात बँकेचे मेसेज येतच असतात. पण कुणाकडे? खात्याला जोडलेला नंबर पुण्याला असलेल्या मुलाचा असतो, किंवा कधीच बंद पडलेला असतो. मेसेज योग्य हातात पडला, तर नुकसान पहिल्या 10,000 वर थांबू शकतं. म्हणून आज काही एकच करायचं असेल, तर शाखेत जाऊन मोबाइल नंबर तपासा. ज्याच्या हातात कार्ड, त्याच्याच हातात तो फोन हवा.

स्टेट बँकेने या दुखण्यावर एक चांगला उपाय केला. 1 जानेवारी 2020 पासून रात्री 8 ते सकाळी 8, आणि 18 सप्टेंबर 2020 पासून दिवसभर, तिच्या एटीएममधून 10,000 किंवा जास्त रक्कम काढताना मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. भामट्याकडे कार्ड आहे, पिन आहे, पण फोन नाही. मात्र त्याने 9,500 मागितले, किंवा तो दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर गेला, तर ही अट आड येत नाही.

दुसरी सोय सगळ्याच बँकांच्या कार्डांवर आहे, आणि ती फार थोडे लोक वापरतात. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या आदेशानुसार ग्राहकाला कार्डाचा वापर हवा तसा चालू-बंद करता येतो आणि मर्यादाही ठरवता येते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन एटीएमची रोजची मर्यादा 5,000 करा. दुकानातली आणि ऑनलाइन खरेदी, परदेशातले व्यवहार, कार्ड नुसतं टेकवून पैसे देणं, यातलं जे लागत नाही ते बंद करा. कार्ड टेकवून 5,000 पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, हे लक्षात असू द्या. कधी मोठी रक्कम लागली, तर मर्यादा वाढवायला एक मिनिट पुरतं. ॲप वापरत नसाल तर शाखेत तसा अर्ज द्या.

(दृश्य: पैसे बाहेर येण्याची खाच. बोट तिच्या कडेवरून फिरतं.)

अनोळखी माणूस शेजारी नसतानाही फसवणूक होते. नोटा येतात त्या खाचेच्या आत पट्टी बसवलेली असते. आत नोटा मोजल्याचा आवाज येतो, खात्यातून पैसे वजा होतात, पण नोटा पट्टीमागे अडकतात. यंत्र बिघडलं असं समजून माणूस निघून जातो. मग भामटा येऊन पट्टी उचकटतो आणि नोटा घेऊन जातो. कार्ड घालण्यापूर्वी खाचेच्या कडेवरून बोट फिरवा. काही हललं किंवा चिकट लागलं, तर ते यंत्र सोडा. नोटा मोजल्याचा आवाज आला आणि पैसे आले नाहीत, तर यंत्रासमोरून हलू नका. तिथूनच बँकेला फोन करा.

कार्डाच्या खाचेत फेविक्विक किंवा तार घालून कार्ड अडकवणं, हा याचाच भाऊ. शेजारच्या भिंतीवर कागद चिकटवलेला असतो: कार्ड अडकल्यास या नंबरवर फोन करा. फोन भामट्याकडेच जातो. तो सांगतो, पिन टाका, हिरवं बटण दाबा, मग खालच्या चौकातून वॉचमनला घेऊन या. तुम्ही चौकात जाता, तो पकडीने कार्ड काढतो. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरचा नंबर कधीही लावू नका. बँकेचा नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. स्टेट बँकेचा आहे 1800 1234. कार्ड निघत नसेल तर तिथे उभं राहूनच ते बंद करा. नव्या कार्डाला काही शे रुपये लागतील, ते जाऊ द्या.

(दृश्य: फोन, कागद, पेन.)

आता घात झालाच, तर काय करायचं.

पहिला फोन बँकेला, कार्ड बंद करण्यासाठी. नंबर आठवत नसेल तर खिशातल्या परक्या कार्डाच्या मागे बघा. ते त्याच बँकेचं आहे, नंबरही तोच असतो. तक्रार क्रमांक आणि फोनची वेळ मिनिटासकट लिहून घ्या. तक्रार नोंदल्यानंतर जे पैसे जातील, त्यांचा भार बँकेवर असतो. म्हणून ही वेळ म्हणजे तुमचा पुरावा.

दुसरा फोन 1930 ला, किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार. एटीएममधून काढलेली रोकड इथे गोठवता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण भामट्याने पैसे दुसऱ्या खात्यात वळवले असतील किंवा दुकानात कार्ड फिरवलं असेल, तर ती रक्कम अडवता येऊ शकते. त्यात एकेक तास मोलाचा असतो.

तिसरं, पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम 303 आहे, फसवणुकीचं 318. पैसे दुसऱ्या हद्दीतल्या यंत्रातून निघाले, म्हणून तक्रार नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवायचा, असा कायदा आहे. त्याच दिवशी बँकेला लेखी अर्ज द्या: अमुक एटीएमचं, अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. ही चित्रणं कायम राहत नाहीत, त्यांवर नवं चित्रण चढतं. यंत्र दोन असतात: जिथे कार्ड बदललं ते आणि जिथून पैसे निघाले ते. दोन्हीकडचं मागा. पट्टीचा प्रकार असेल तर यंत्राच्या नोंदी आणि नोटांचा मेळही मागा, कारण बँकेच्या पडद्यावर तो व्यवहार यशस्वी दिसतो.

खरी झुंज यापुढे असते. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीही भार नाही. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. 4 ते 7 कामकाजाचे दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 चा भार, जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला 5,000 चा. सहकारी बँकांनाही डिसेंबर 2017 मध्ये असाच नियम लागू झाला.

पण त्याच परिपत्रकात लिहिलंय, की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, उदाहरणार्थ त्याने पिन सांगितला, तर तक्रार देईपर्यंतचं नुकसान त्याचं. कार्ड बदलण्याच्या प्रकरणात बहुतेक बँका हेच वाक्य पुढे करतात: खरं कार्ड, खरा पिन, म्हणजे तुमचीच चूक. हे मुकाट्याने मान्य करू नका. चोरून पाहिलेला पिन आणि सांगितलेला पिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे. ज्या खोलीत वॉचमन नाही, यंत्राच्या बाजूला आडोसा नाही, तिथे पिन दिसला तर ती व्यवस्थाही बँकेनेच उभी केलेली असते.

म्हणून अर्जातले शब्द तोलून लिहा. घाबरलेला माणूस शाखेत सांगतो, "मी त्याला पिन दिला," आणि समोरचा कर्मचारी तेच टिपून घेतो. खरोखर पिन तोंडाने सांगितला असेल, तर तसंच लिहा, खोटं लिहू नका. पण तो तुम्ही स्वतः दाबला असेल, तर लिहा: "मी पिन कोणालाही सांगितला नाही. मी यंत्रावर पिन दाबत असताना अनोळखी इसमाने तो पाहिला आणि हातचलाखीने माझं कार्ड बदललं. त्याने दिलेलं कार्ड पोलिसांकडे जमा केलं आहे." खाली तारीख, वेळ, एटीएमचा पत्ता आणि बँकेला केलेल्या फोनचा तक्रार क्रमांक.

माहिती दिल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करणं आणि 90 दिवसांत प्रकरण निकाली काढणं बँकेवर बंधनकारक आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन 14448. तिथे फी नाही, वकील लागत नाही. अर्जासोबत शिक्का मारलेल्या प्रती, गुन्ह्याच्या नोंदीची प्रत आणि पासबुकाची ती पानं जोडा, ज्यांवर पैसे निघाल्याच्या नोंदी आहेत.