चंद्रिकेवरचा धागा

बीड जिल्ह्यातलं एक रेशीम शेड. अळ्यांनी चौथी कात टाकून आठवडा होत आलाय. जन्मभरात खायच्या पाल्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला त्या याच आठवड्यात फस्त करतात. तुती कापून आणता आणता घरादाराचे हात दुखून येतात. आज मात्र रॅकवर पाला तसाच पडलाय.

"आता खाईनात. चंद्रिका टाका," मावशी म्हणतात. चंद्रिका म्हणजे अळ्यांनी कोष विणायची जाळी.

दोन-तीन दिवसांत एकेक अळी साधारण हजार मीटरचा सलग धागा ओढेल. त्याचा कच्चा माल साठलाय तिच्या अंगातल्या दोन रेशीमग्रंथींत. प्रत्येक ग्रंथीच्या मागच्या भागात पेशी जेमतेम पाचशे. अळी अंड्यातून बाहेर आल्यापासून या पेशी विभागतच नाहीत, नुसत्या मोठ्या होत जातात. रेशमाचं मुख्य प्रथिन, फायब्रॉइन, इथलंच.

ते तयार होतं आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात. तिथून पीटिकेत, म्हणजे पडद्याच्या इवल्या फुग्यात, बसून गॉल्गी संकुलाकडे, म्हणजे पेशीतल्या माल वाटून पाठवायच्या ठाण्याकडे, आणि शेवटी पेशीबाहेर ग्रंथीच्या पोकळीत. पण बसू कुणाला द्यायचं? फायब्रॉइनमध्ये एक मोठी आणि एक लहान प्रथिन-साखळी असते. मोठी एकटी आली तर जालिका तिला सोडत नाही. लहान साखळी जोडलेली लागते. लहान साखळीचं जनुक बिघडलेला रेशीमकिड्यांचा एक वाण आहे. मोठी साखळी त्यांच्यातही बनते, पण आतच अडकते. कोष होतो नुसत्या धागे चिकटवणाऱ्या डिंकाचा, कागदासारखा पातळ. (आपल्या शेडमधल्या पोचट कोषांना हे कारण लावू नका. तिथे बहुधा रोग किंवा पाल्याची आबाळ असते.)

ही वाहतूक चालवणारी जनुकं सापडली ती यीस्टमध्ये. अमेरिकी शास्त्रज्ञ रँडी शेकमन यांनी असं बिघडलेलं यीस्ट वेचलं, की जे २५ अंशांना ठीक वाढे आणि ३७ अंशांना आतल्या आत तुंबे. त्यातून २३ जनुकं हाती लागली. जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांच्यासोबत त्यांना २०१३ चं नोबेल मिळालं. पीटिकेवर कुठे जायचं ते सांगणारी राब प्रथिनांची खूण असते. पोचायच्या ठिकाणी स्नेअर प्रथिनं एकमेकांना पीळ घालतात आणि दोन पडदे एक होतात.

खरी कसरत परतीची. निघणारी प्रत्येक पीटिका जालिकेचा पडदाही सोबत नेते. तो माघारी आला नाही, तर जालिकाच संपेल. म्हणून उलट्या दिशेनेही पीटिका सतत धावतात. जाणं-येणं दोन्ही सारखं, अख्खा आठवडा.

आणखी काही दिवसांनी मावशी चंद्रिकेवरून एक कोष सोडवतात, कानाशी धरून हलवतात. आत प्युपा खुळखुळतो.

"झाला. उद्या जालन्याच्या बाजारात."