आंब्याला खरूज झालेली नाही

मंडळी, पत्रिकेत छापलंय, 'चकतीदार दगडफुलं : लक्षणं आणि अधिवास'. त्यावर येतोच. आधी आमचा आंबा.

घरामागं आजोबांच्या हातचं गावरान झाड होतं. खोडावर राखाडी चट्टे आले. थोरल्या दादानं पाहिलं अन् निदान केलं, "आंब्याले खरूज झाली." दुकानदारानं झाड न पाहताच औषध दिलं. तापाला न तपासता सलाईन लावतात ना, तसंच. (हशा) दोन फवारण्या झाल्या, चट्टे जिथल्या तिथं. मग दादानं विळा घेतला आणि पार ओली साल लागेपर्यंत खोड खरवडलं. जखमांतून डिंक गळू लागला, किडा शिरला, तीन वर्षांत झाड वाळलं. दादा आजही म्हणतो, "म्या म्हनलो नोतो का, खरुजीनंच खाल्लं!" तिसऱ्या रांगेत बसलाय, विचारा. (हशा)

अहो, तो चट्टा म्हणजेच पत्रिकेतलं दगडफूल. ते झाडाचं काही खातच नाही. त्याला मुळंच नाहीत. साल ही नुसती बसायची जागा. चट्ट्यात राहतात दोघं, बुरशी आणि शेवाळ. १८६७ साली श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसानं हे सांगितलं, तर जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. आपल्याला काय कठीण? बटईच ती. घर अन् ओलावा बुरशीचा, उन्हावर साखर करायची शेवाळानं. आमच्या सालदारानं विचारलं, "हिस्सा कसा ठरते गुरुजी?" म्हटलं, बराचसा बुरशीच नेते. "म्हंजे आपल्यासारखंच," म्हणाला.

चिठ्ठी आली. भजनी मंडळ खोळंबलंय म्हणे. बरं, भरभर सांगतो.

सावजी रश्शातलं दगडफूल पानासारखं, अलगद सुटतं. आपलं हे चट्ट्याचं खपलीसारखं चिकटलेलं, दगडावरचं हवं तर दगडच फोडावा लागतो. भिंगातून खपलीवर राईहून बारीक, काळ्या-तपकिरी चकत्या दिसतील. ती बुरशीची फळं. काठ बघा. लेकानोरा नावाच्या दगडफुलाचा काठ खपलीच्याच रंगाचा, कारण त्यात शेवाळ असतं. लेसिडिया, ब्यूलिया या दुसऱ्या जातकुळींच्या काठात ते नसतं, म्हणून काठ चकतीसारखाच काळपट. चकतीतून उडतात ते फक्त बुरशीचे बीजाणू. पडतील तिथं जोडीदार नव्यानं शोधायचा.

राहतात कुठं? आंब्यासारख्या टिकाऊ सालीवर, बांधावरच्या काळ्या धोंड्यांवर, हेमाडपंती देवळांच्या चिऱ्यांवर. पेरू साल टाकतो, तिथं बस्तान बसणं अवघड. वाढ बहुतेकांची वर्षाला जेमतेम मिलिमीटर. म्हणजे तळहाताएवढा चट्टा तुमच्या-माझ्याहून थोरला असू शकतो, आणि जीर्णोद्धारवाले एका दुपारी त्यावर ऑइलपेंट मारतात! असो, भांडण नको.

कोळशाच्या धुरातला सल्फर डायॉक्साइड बहुतेकांना सोसत नाही. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं पाहून नायलांदेर नावाच्या दगडफुलांच्या अभ्यासकानं १८६६ सालीच शहराच्या हवेचा अंदाज बांधला होता. गंमत म्हणजे श्वेंडेनरला हसणाऱ्यांत हाही होता.

उठतो, उठतो. बाहेर पारामागं आंबा आहे, टॉर्च आणलाय. भिंग एकच आहे, रांगेनं या. चट्ट्यावर थोडं पाणी शिंपडलं की आतलं हिरवं वर दिसतं, ते पाहा. नख मात्र लावू नका. दादा, तू शेवटी ये.